डावीकडं निघालेला कोलो

नेगोतिनच्या बाजारात, चपलांच्या दुकानावरच्या माडीत रादोमिर्का गाण्यांचे व्हिडिओ जोडायची. गावोगावचे गवई तिच्याकडंच यायचे, कारण बाई नजरेची तिखट. व्हिडिओ हाती आला की आधी आवाज बंद. गाणं ऐकू आलं की डोळा आळसावतो, असं तिचं म्हणणं. मुक्या चित्रात कळायचं, कॅमेरा कुठं उगाच हललाय, कात्री कुठं ठेक्याच्या आधीच चाललीय. अन् कळलं की तोंडावर सांगायची. एका गवयाला म्हणाली होती, नवी नवरी माहेरी पळते तसा तू दर दोन ओळींना स्वतःच्या चेहऱ्याकडं पळतोस.

त्या उन्हाळ्यात ल्युबिंको गवयानं पोरीच्या लग्नासाठी गाणं केलं. मांडवात, व्याह्यांपुढं, मोठ्या पडद्यावर लावायचं होतं. अर्धं गाणं कोलोचं, म्हणजे हातात हात धरून गोल फिरायच्या नाचाचं. नवरी स्वतः त्यात नाचलेली. कॅमेरावाल्यानं रिंगणाबाहेरून पाठी टिपल्या अन् आत शिरून चेहरे. जोडताना रादोमिर्काला खटकलं. पाठी पडद्यावर उजवीकडं चाललेल्या, चेहरे डावीकडं. कात्री पडली की नाच भिंतीला धडकून माघारी फिरल्यागत दिसायचा. तिनं सगळे चेहरे आरशात धरल्यासारखे उलटे करून टाकले. आता सगळं एका दिशेनं, पाटाच्या पाण्यागत वाहायला लागलं.

लग्नाच्या आधी शुक्रवारी ल्युबिंको आपल्या आईला, स्तानिया म्हातारीला, घेऊन बघायला आला. पहिल्या कडव्याला म्हातारी मान डोलवत होती. कोलो सुरू झाला अन् तिनं छातीवर क्रूस काढला.

"कोण मेलंय आपल्यात?"

"आई, कोण मरंल? लगीन हाय."

"मग आपली पोर डावीकडं का निघालीया?"

त्या मुलखात जित्यांचा कोलो नाचणाऱ्याच्या उजव्या अंगाला सरकतो. डावीकडं सरकतो तो मेलेल्याच्या नावानं. उलट्या चित्रात नवरी पडद्यावर उजवीकडं, म्हणजे तोंड समोर असल्यानं स्वतःच्या डाव्या अंगाला, हसत हसत त्याच वाटेला लागली होती. रादोमिर्काला हे काय नवं नव्हतं, चुलत्याच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला ती तशी नाचली होती. पण पडद्यावर तिला दिशा दिसली, नाच दिसलाच नाही.

ल्युबिंकोचं तोंड पांढरं पडलं. व्याही डोंगराकडले, रीतीला कडक. हे बघून मांडवातनं उठून गेले असते, पोरीला न घेता.

"चुकलं माझं, आजे," रादोमिर्का म्हणाली.

"चुकलं तर सरळ कर. रविवारी नात अशी दिसली, तर इथंच येऊन बसंन मी, अन् तुला कोलो शिकवीन."

चेहरे सरळ केले की धडक परत यायची. मध्ये काहीतरी हवं होतं, ज्याला डावं-उजवं नाही. सगळं चित्रण उपसलं तेव्हा अकॉर्डियनवाल्या स्तोयादिनची बोटं सापडली, अगदी समोरून घेतलेली. मग पाठी, बोटं, चेहरे. चेहरे, बोटं, पाठी. धडक गेली.

रविवारी व्याह्यांनी गाणं पुन्हा लावायला लावलं अन् नवरी वाजतगाजत डोंगराकडं गेली. सोमवारी ल्युबिंको तणतणत माडी चढला. गाणं त्याचं, पोरगी त्याची, अन् व्याही विचारतोय की हा बोटांवाला कुठं भेटंल.

"माझं थोबाड का न्हाई घातलंस मधी?"

"घालणारच होते," रादोमिर्का म्हणाली. "पण तू सगळीकडं मान वाकडी करून गातोस. पुढल्या टायमाला सरळ बघ."