दुपारची हातोडी

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका लाकडी जहाजांची छोटी मॉडेलं करतात. कर्वेनगरात जहाजं कशाला, असं मी एकदा विचारलं, तर हातोडी खाली न ठेवता म्हणाले, "मुठा नदीत सोडणार. पाणी आलं की."

टाचणीएवढे खिळे ते पितळी हातोडीनं ठोकत. तिचा टकटकाट स्लॅबमधून थेट आमच्या खोलीत उतरे. बाबा आजारी पडले. रात्रभर जागे असायचे, दुपारी जरा डोळा लागायचा, तेवढ्यात मला घरातलं सगळं उरकावं लागे. मी वर जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून दुपारी रबरी हातोडी वाजू लागली. रबरीनं खिळे वाकतात. ते उपटून पुन्हा ठोकायचे. एक जहाज वर्षभर रेंगाळलं.

बाबा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर काका जिन्यात भेटले.

"काका, आता पितळी काढा. दुपारी झोपणारं कुणी राहिलं नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मग तुम्ही झोपा की," म्हणाले आणि वर गेले.

त्या दुपारीही रबरीच वाजत होती. ती कधी थांबली, मला कळलं नाही.