‘विभाग’ या नावाने केलेले काम

आमच्या अमरावतीच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. विभागाच्या प्रश्नसंचाचे संकेतस्थळही मीच तयार केले. पहिली काही वर्षे त्याला एकच लॉगिन होते, ‘विभाग’, आणि त्याचा पासवर्ड खडूच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असे. कुणीही यावे, प्रश्न घालावेत. प्रत्येक प्रश्नाखाली कर्ता म्हणून छापले जाई, ‘विभाग’.

एकदा एक अख्खे प्रकरण कुणाच्या तरी हातून पुसले गेले. जपून ठेवलेल्या प्रतीवरून ते परत मिळाले. पण हात कुणाचा, ते कळले नाही. तेव्हा मी लॉगिन बदलायचे ठरवले. प्रयोगशाळेतल्या संगणकांसाठी कार्यालयाने कर्मचाऱ्यांची एक डिरेक्टरी, म्हणजे नावे आणि पासवर्ड यांची नोंदवही, सर्व्हरवर ठेवलेली होतीच. आता संकेतस्थळाने स्वतःकडे एकही पासवर्ड ठेवायचा नाही. समोरच्याने दिलेले नाव आणि पासवर्ड डिरेक्टरीकडे न्यायचे, ही व्यक्ती तुमची आहे का असे विचारायचे, आणि होकार आला तरच आत घ्यायचे.

पहिल्या सकाळी स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आपापल्या नावाने प्रवेश केला. शेवटी बसल्या त्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मॅडम. त्या रोज अकोल्याहून एसटीने येत आणि राजापेठला उतरून चालत पहिला तास गाठत. पडद्यावर आले, ‘व्यक्ती सापडली नाही’.

“मशीनलेबी पर्मनंटच मास्तर पाह्यजे वाट्टे, मॅडम!” आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले.

“मले सवय हाय, सर,” मॅडम हसल्या. “हजेरीतबी माह्यं नाव मांगच्या पानावरच रायते.”

व्हरांड्यात मात्र त्या हसत नव्हत्या. अकोल्यातल्या एका महाविद्यालयात कायम जागेसाठी त्यांची मुलाखत ठरली होती आणि तिथे अध्यापनाचे साहित्य दाखवायचे होते. “प्रश्न तर मी भरपूर बनवले, सर. पन खाली नाव कोनाचं? विभागाचं. अन आता तर तेबी दार बंद झालं.”

नवशिक्यांना मी नेहमी सांगतो, पासवर्ड चुकला आणि व्यक्ती सापडली नाही, ही दोन वेगळी उत्तरे आहेत. पहिले आले तर टाइप केलेले तपासावे. दुसरे आले तर आपण शोधतो कुठे, ते तपासावे. मी तपासले. डिरेक्टरीत शाखा एकच होती, कायम कर्मचाऱ्यांची.

कार्यालयाच्या अधीक्षकांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. मी त्यांच्याकडे गेलो.

“दरसाली नवे लोक येतेत जी,” ते म्हणाले. “त्यायले घाला, मंग काढा. कोन करन हे?”

“काढायचे नाहीच, भाऊ. तासिकावाल्यांची वेगळी शाखा करू आणि प्रत्येक नोंदीला शेवटची तारीख लावू. तारीख उलटली की प्रवेश बंद. नोंद मात्र राहील, म्हणजे कामाखालचे नावही राहील.”

“आपोआप बंद होते?”

“आपोआप.”

“मंग हे आधी काहून नाही सांगतलं, बाप्पा!”

त्याच दुपारी त्यांनी नोंद केली. संकेतस्थळ दोन्ही शाखांत शोधेल असे मी केले, आणि मॅडम आत गेल्या.

जुने प्रश्न अजून ‘विभाग’च्याच नावावर होते. विभागप्रमुखांच्या परवानगीने मी ते प्रोजेक्टरने स्टाफरूमच्या भिंतीवर दाखवले आणि ज्याने त्याने आपले ओळखावेत असे सुचवले. मॅडम शेवटच्या खुर्चीवर वह्या तपासत राहिल्या. तेच ज्येष्ठ सहकारी चहाचा कप घेऊन भिंतीजवळ गेले.

“हा मॅडमचा. हाबी मॅडमचा. अन हा माहा म्हनून सांगतो मी पोरायले, पन हाबी मॅडमचाच हाय.”

सगळे हसले. मी एकेका प्रश्नाखालचे नाव बदलत गेलो.

मुलाखतीच्या दिवशी मॅडम रजेवर होत्या. दुपारी मी नेहमीप्रमाणे संकेतस्थळावर कोण कधी आले, काय उघडले, याच्या सर्व्हरवरच्या नोंदी पाहत होतो. त्यांत मॅडमचे नाव दिसले; महाविद्यालयाबाहेरून प्रवेश, मान्य. त्याखाली उघडलेली पाने होती. आधी प्रकाश. मग विद्युतधारा. मग काही वेळाने पुन्हा प्रकाश, आणि त्यातले एकेक उदाहरण. मुलाखत घ्यायला समोर बसलेल्यांचे एक पान पाहून समाधान झालेले नव्हते. ते आणखी मागत होते.

मी नोंदी बंद केल्या आणि तासाला गेलो.