रायलीची वीस कनेक्शनं

तुर्कूच्या बंदराजवळच्या एका छोट्या कंपनीत बेटांवर जाणाऱ्या बोटींचं आरक्षण चालायचं, आणि तिथले सर्व्हर रायली तुओमाला एकोणीस वर्षं सांभाळत होती. उन्हाळ्याचं आरक्षण दरवर्षी मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी आठला उघडायचं. सव्वाआठला साइट मान टाकायची. बेटांवरची म्हातारी माणसं मग थेट रायलीलाच फोन लावत.

कारण तिला ठाऊक होतं. सर्व्हर चार, आणि सगळी आरक्षणं साठवणाऱ्या डेटाबेसशी किती कनेक्शनं ठेवायची हा आकडा प्रत्येकावर कुणी ना कुणी हातानं भरलेला. कुठे दहा, कुठे तीनशे. डेटाबेस तर एका वेळी शंभरच झेलू शकत होता.

"मग त्याची मर्यादा हजार करू," नवा प्रमुख एरिक साल्मेला म्हणाला.

"कर की. शंभरऐवजी हजार मिळून त्याला लोळवतील," रायली म्हणाली. "प्रत्येक सर्व्हरला वीस पुरेत. घ्यायचं, काम झालं की परत करायचं, पुढच्यानं तेच वापरायचं. आणि आकडा कोडमध्येच लिहिते. सर्व्हर सुरू होताना स्वतःच वीस उघडेल. हातानं भरायची भानगड नको."

"रायली, वीस? हजारो लोक तुटून पडतात."

"पडू देत. एकेकाचं काम क्षणात उरकतं. बाकीचे रांगेत थांबतील, त्यांना कळणारही नाही."

आठवड्याभरात तिनं ते लिहिलं. पण चाचणीत तासाभरातच सगळी कनेक्शनं अडकून बसली. एरिक खुर्चीत मागे रेलला. रायलीनं आणखी चार ओळी घातल्या: अर्ध्या मिनिटात कनेक्शन परत न करणाऱ्याचं नाव टिपून ठेवायचं.

नाव आलं. प्रवासीसंख्येचा अहवाल काढणारा जुना प्रोग्राम. अकरा वर्षांपूर्वी तो तिनंच लिहिला होता.

शुक्रवारी कॉफीला सगळे जमल्यावर तिनं सरळ सांगून टाकलं, "चोर सापडला. मीच."

"आणि पोलीसही तूच," एरिक हसत म्हणाला. "दुरुस्त केलंस?"

"कॉफीच्या आधीच."

आरक्षणाच्या सोमवारी आठ वाजले, सव्वाआठ झाले, नऊ झाले. साइट चालूच. साडेनऊला फोन वाजला. हाउत्स्केर बेटावरची गुनवोर होती, वय ऐंशीच्या पुढे.

"रायली, काही बिघडलंय का गं? तिकीट पहिल्याच झटक्यात मिळालं."

"काही बिघडलं नाही, गुनवोर. आता असंच मिळणार."