सोमवारचं नाणं

माझ्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानासमोर एका बाईंचं इस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, एक लांब टेबल, भिंतीला फळ्या आणि त्यांवर गठ्ठे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्यांना आतून वेगळ्या रंगाचा दोरा घातलेला, म्हणजे अदलाबदल होत नाही. इस्त्री फिरवण्याआधी बाई प्रत्येक खिसा उलटा करतात. गोळी, तिकीट, चिल्लर, जे निघेल ते कागदात गुंडाळून त्याच गठ्ठ्याला टाचणीनं लावतात. वीस वर्षांत कुणाची एक गुंडीही त्यांनी ठेवून घेतलेली नाही. त्यांचं गिऱ्हाईक टिकलं ते यावरच, इस्त्री त्याहून बरी दुसरीकडेही होते.

बाईंना एक मुलगी आहे, दहा वर्षांची. अंगानं इतकी काटकुळी की मी तिला शेंग म्हणतो, आणि आता सगळी गल्ली म्हणते. दर सोमवारी सकाळी बाई तिच्या हातावर एक मोठं नाणं ठेवतात. त्याचे नियम तीन. कशावर खर्च केलंस ते मी विचारणार नाही. पुढच्या सोमवारपर्यंत दुसरं मिळणार नाही. आणि हरवलं तर हरवलं.

पहिल्या सोमवारी शेंगेनं शाळेत पोचायच्या आत नाण्याच्या आंबटगोळ्या केल्या आणि आठवडाभर इतरांच्या तोंडाकडे पाहत बसली. एकदा नाणं गटारात पडलं. ती टेबलाला धरून रडत होती आणि बाई शर्टाच्या बाह्या दुमडत होत्या. मला राग आला. बाई काळजाच्या जागी इस्त्रीच घेऊन जन्मल्या असाव्यात, असं मी त्या दिवशी घरी बोलूनही दाखवलं.

मग शेंगेची नजर माझ्या दुकानातल्या पृथ्वीच्या गोलावर बसली. बोट लावलं की फिरतो, समुद्र निळे, डोंगर तपकिरी. किंमत एक नोट, म्हणजे तिची दहा नाणी. ती रोज येऊन तो दोनदा फिरवायची आणि जायची. आंबटगोळ्या बंद झाल्या. मी भाव कमी केला नाही, दुकान चालवतो मी, दानधर्म नाही.

तिथून दहाव्या सोमवारी शाळा सुटल्यावर तिनं माझ्यासमोर दहा नाणी मांडली. मी गोल काढायला वळलो, तर म्हणाली, "काका, आधी याची नोट द्या. कोरी द्या."

"अगं, मग परत मलाच द्यायची ना?"

"उद्या देते. आज एक दिवस माझ्याकडे राहू दे."

मी हसलो आणि कोरी करकरीत नोट दिली. तिनं ती शाळेच्या स्कर्टच्या खिशात ठेवली.

घरचे कपडे बाई रविवारी करतात. पण त्या संध्याकाळी इस्त्री तापलेली होती, म्हणून शेंगेनं काढून टाकलेला स्कर्टही त्यांनी ओढला. समोर दातांच्या डॉक्टरांचा गठ्ठा उघडा होता, त्यात त्याच शाळेचे तीन स्कर्ट. घरच्या कपड्यांना दोरा कोण घालतं? बाईंनी चारही स्कर्टांचे खिसे उलटे केले. नोट निघाली. आपल्या घरच्या खिशात नोट असू शकते हे बाईंच्या डोक्यातच आलं नाही. त्यांनी ती कागदात गुंडाळली आणि डॉक्टरांच्या गठ्ठ्याला टाचली. गठ्ठा पोचवायला गेली शेंगच.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांची मुलगी चमकीची पेनं घ्यायला आली आणि तिनं नोट पुढे केली. कोरी होती, फक्त मधोमध टाचणीची दोन भोकं. मी ती गल्ल्यात टाकली. पाच मिनिटांत शेंग धापा टाकत आली. तोंड पांढरं पडलेलं.

"काका, माझी नोट इथं पडली का?"

मी गल्ला उघडून भोकांकडे पाहिलं आणि काय झालं ते मला कळलं. नोट हक्कानं माझी होती, पेनं विकूनच मिळवलेली. तरी त्या क्षणी मला चोरासारखं वाटलं, हे कबूल करतो. मी तिला घेऊन समोर गेलो आणि बाईंना सगळं सांगितलं.

बाई टेबलाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मग इस्त्री बाजूला ठेवून त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या. वीस वर्षांत दिलेलं परत मागायला त्या प्रथमच जात होत्या. डॉक्टरीणबाई वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आमची कुठेही पैसे ठेवते, मला वाटलं तिचेच. खर्चूनही टाकले तिनं. पण बाई, तुम्ही बघून द्यायचं ना?" हे बाईंना लागलं, कारण ते खरं होतं.

परत आल्यावर शेंगच म्हणाली, "जाऊ दे आई. हरवलं तर हरवलं."

"ते हरवणाऱ्याला," बाई म्हणाल्या. "इथं हरवलं मी."

एकदम दहा नाणी द्यायची त्यांची ऐपत नव्हती. दर सोमवारी नेहमीच्या एका नाण्याबरोबर जास्तीची दोन द्यायची, असं त्यांनी ठरवलं. ती कुठून येणार ते मला दोन दिवसांत कळलं. दुपारी चारला बाई कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून एक चहा मागवतात. दिवसभरात स्वतःसाठी तेवढंच. आठवड्याच्या चहाची बरोबर दोन नाणी होतात. चहावाला चारला त्यांच्या दारावरून नुसताच पुढे जाऊ लागला. वाफेत उभ्या बाई मान वर करत नसत.

पुढच्याच सोमवारी चारला शेंग दोन्ही हातांत ग्लास धरून, न सांडता, गल्ली ओलांडून गेली आणि तिनं तो टेबलावर ठेवला.

"हा कुणी सांगितला?" बाईंनी विचारलं.

"तू विचारायचं नाहीस."

बाईंनी इस्त्री उभी केली. मग पदरानं धरून चहा प्यायल्या, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. डोळ्यांत पाणी होतं. वाफेनं आलं असं म्हणायची सोय होती, पण मी समोरच होतो.

तेव्हापासून रोज चारला ग्लास येतो. दोन नाणी आईकडून लेकीकडे, लेकीकडून चहावाल्याकडे. उरतं सोमवारचं एक. म्हणजे शेंगेला परत दहा सोमवार लागणार, आणि हे तिला माझ्याआधी समजलेलं आहे.

गोल मी दर्शनी भागातून काढून आतल्या फळीवर ठेवला आहे. कुणी विचारलं तर विकला गेला म्हणून सांगतो.