तळ्याला वळसा

कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईंचं अर्धं आयुष्य एका बिनखिडकीच्या खोलीत गेलं होतं. दाताच्या दवाखान्याच्या मागे ती खोली. प्लास्टरचा वास, मेणाची वाटी, घासायच्या यंत्राची घरघर आणि समोर ओळीने मांडलेले परक्या माणसांचे जबडे. सव्वीस वर्षं त्यांनी वीतभर अंतरावरचंच पाहिलं. काम इतकं नेटकं, की डॉक्टर म्हणायचे, "बाईंची कवळी घातली की माणूस विनाकारण हसतो." त्यांचं स्वतःचं चालणं मात्र घर ते बसथांबा आणि थांबा ते दवाखाना, एवढंच. दोन जिने चढले की भात्यासारखा श्वास. पन्नाशी उलटली, असं व्हायचंच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

एके दिवशी दुपारीच वीज गेली आणि डॉक्टरांनी त्यांना लवकर सोडलं. नदीवरच्या पुलावर समोरून वीसेक माणसं येत होती. पाठीवर पिशव्या, बूट चिखलाने माखलेले, पण चेहरे लग्नाहून परतल्यासारखे. घोळक्याच्या अगदी शेवटी पांढऱ्या केसांची एक म्हातारी काठी टेकत येत होती. बाईंना राहवलं नाही.

"कुठून आलात हो सगळे?"

"तळ्यावरच्या गावाहून," म्हातारी म्हणाली.

"बस बंद पडली का?"

"नाही. सकाळी सहाला निघालो. डोंगरवाटेने अठ्ठावीस किलोमीटर."

बाई पुलाच्या कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. तळ्यावरच्या गावाला त्यांचा नवरा रोज बस घेऊन जायचा. डोंगराला वळसा घालून पन्नास मिनिटं लागायची आणि तेवढ्याने त्याची कंबर धरायची. इथे चौऱ्याहत्तर वर्षांची बाई तिथून पायी येत होती आणि विचारल्यावर सहज सांगत होती. (वय म्हातारीनेच सांगितलं. बायका इतकं खरं वय सांगत नाहीत, म्हणून बाईंना आणखीच नवल वाटलं.)

"मला जमेल?"

"रविवारी सातला इथेच ये. आठ किलोमीटरच आहे. मी सगळ्यांत मागे असते. माझ्या मागे कुणी राहत नाही."

म्हातारी पूर्वीची सुईण होती. गटात तिला शेपूटमावशी म्हणत. गटाचे म्होरके म्हणजे जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक काका. पहिल्याच रविवारी त्यांनी बाईंच्या पायांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"चपला नकोत. बूट घ्या, एक नंबर मोठा. चालून पाय सुजतात. आणि भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचं. बोलणं बंद झालं, की वेग कमी."

पहिल्या आठ किलोमीटरांत बाईंचे दोन्ही घोटे सोलून निघाले. घरी आल्या आणि पलंगावर आडव्या पडल्या. नवरा मीठ घातलेलं गरम पाणी घेऊन आला.

"अगं, मी फुकटात नेलं असतं की."

"अहो, तुमच्या बसमधून तो ओढा दिसत नाही."

"कुठला ओढा?"

बाईंनी सांगायचा प्रयत्न केला. रस्त्यापासून चारशे पावलांवर एक ओढा होता, नितळ, तळाचे दगड मोजता येतील असा. जन्म या गावात गेला आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता. नवरा वीस वर्षं त्या बाजूने बस हाकत होता, त्यालाही नव्हता.

मग रविवार चुकला नाही. आठाचे बारा झाले, बाराचे वीस. मधल्या दिवसांत बाई दवाखान्यात चालत जाऊ लागल्या. कुठे चुरचुरलं, की फोड यायची वाट न बघता तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची, हे मावशीने शिकवलं. "लाजून पुढे गेलीस, तर परतताना लंगडशील," ती म्हणायची.

सहा महिन्यांनी काकांनी कागद पुढे केला. वर्षातून एकदा होणारी पन्नासी. पन्नास किलोमीटर, बारा तास. डोंगर ओलांडून तळ्यावर उतरायचं, तळ्याला पूर्ण वळसा घालून तिथल्याच गावातल्या शाळेत पोचायचं. वाटेत पाच चौक्या, प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का. बाईंनी नाव दिलं आणि घरी येईपर्यंत त्यांचं अवसान गळालं. पण दिलं ते दिलं.

त्या दिवशी सकाळी सहाला दोनशे माणसं पुलावरून निघाली. तरणी पोरं तीरासारखी सुटली. "जाऊ दे," मावशी म्हणाली, "दुपारी भेटतील."

पावणेअकराला बाई खिंडीत पोचल्या. वीस किलोमीटर झाले होते. शिक्का घेऊन त्यांनी सहज मागे पाहिलं आणि पाय जागीच थबकले. खाली, दूर, नदीचा दोरा आणि त्याला चिकटलेलं मूठभर गाव. त्या मुठीत त्यांचं घर होतं, दवाखाना होता, सव्वीस वर्षांची ती खोली होती. सगळं अंगठ्याखाली झाकलं जात होतं. पुढे पाहिलं, तर दुसऱ्या बाजूला तळं, आकाश सांडल्यासारखं पसरलेलं.

"मावशी, हे सगळं मी पायांनी आले?"

"मग काय, कुणी उचलून आणलं?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते. इतकं मोठं काही इतक्या जवळ होतं आणि तिथे पोचायला नुसतं एकापुढे एक पाऊल टाकायचं होतं, हे त्यांना पेलत नव्हतं.

दुपारी उतारावर त्यांना तीरासारखी सुटलेली दोन पोरं खरंच भेटली, झाडाखाली पोटऱ्या चोळत बसलेली. मावशीने त्यांना मीठसाखरेचं पाणी दिलं, उठवलं आणि आपल्या पुढे घातलं.

कसोटी लागली चाळिसाव्या किलोमीटरला. तळ्याच्या पल्याडच्या काठावर चौकी होती आणि समोर पाण्यापलीकडे शाळेची लाल कौलं दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण वाट पाण्याच्या कडेकडेने, अजून दहा किलोमीटर. साडेतीन वाजत आले होते. बाई दगडावर बसल्या.

"बस झालं मावशी. पाय माझे राहिलेच नाहीत."

मावशीने आग्रह केला नाही, धीरही दिला नाही. शेजारी बसली, केळं सोलून अर्धं हातात दिलं.

"मी बाळंतिणींना सांगायचे," ती चघळत म्हणाली, "सगळं आत्ता नाही करायचं. ही एक कळ तेवढी. ती गेली की पुढची बघू. तो खांब दिसतो ना? तिथपर्यंत चल. मग ठरव."

बाई खांबापर्यंत गेल्या. मग झाडापर्यंत, मग होडीपर्यंत. कधीतरी ठरवायचं राहूनच गेलं.

तळ्याच्या टोकाला, धरणाच्या भिंतीपाशी वाट डांबरी रस्ता ओलांडत होती. तिथे एक बस आडवी उभी होती आणि दोन्हीकडची वाहनं खोळंबली होती. बाईंचा नवरा खाली उतरून, हात वर करून रस्ता अडवून उभा होता. बसमधली माणसं खिडक्यांना लागली होती. बाई त्याच्यासमोरून लंगडत गेल्या. त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि मावशी पार होईपर्यंत ती हातातच धरून राहिला.

सहाला दहा कमी असताना शेवटचा शिक्का पडला. काकांनी कार्डावर वेळ लिहिली आणि पुन्हा एकदा वाचली, मोजणीत चूक राहिली नाही ना, हे बघायला. शेवटची फेरी आटोपून नवरा शाळेत आला तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या. बुटांच्या नाड्या सोडायला वाकताही येत नव्हतं. त्याने गुडघे टेकून त्या सोडल्या.

"अगं, वीस वर्षं येतोय मी इथे," तो हळूच म्हणाला. "खिंड कुठली, ते दाखव बरं मला."

बाईंनी बोट केलं. उन्हं कलली होती आणि डोंगराची कड सोन्याची झाली होती. दोघं बराच वेळ तिकडे बघत राहिले.