धुराची तक्रार
आज सकाळी सोसायटीची नोटीस आली, आमच्या सुकटीच्या वासाबद्दल वरच्या मजल्याची लेखी तक्रार आहे म्हणून, आणि मला चुलत्यांनी वाटलेले पेढे आठवले. खाडीकाठच्या आमच्या गावात बौद्धवाडीचं स्मशान कंटेनर यार्डात जाणार होतं. मोजणीला आलेले साहेब बुटांचा चिखल झटकत म्हणाले, "कागदावर ही जागा पडीक आहे. स्मशानाचा लेखी पुरावा दाखवा." चुलते म्हणाले, "साहेब, माझा आजा हितंच जाळलाय." साहेबांनी विचारलं, "त्यांची सही आहे कुठं?" मग चुलत्यांनी महिनाभर ग्रामपंचायतीची जुनी दप्तरं उपसली, तेव्हा एकच कागद हाती लागला. गावच्या पाटलांच्या आजोबांचा अर्ज होता तो, महारवाड्याच्या स्मशानाचा धूर आमच्या खळ्यावर येतो, तरी बंदोबस्त व्हावा. खाली सही आणि शिक्का. त्या कागदावर जागा वाचली. चुलते पेढ्यांचा पुडा घेऊन थेट पाटलांकडे गेले, "तुमच्या आज्याचे आमच्यावर लय उपकार हायेत" म्हणाले, आणि पाटलांनी बिचाऱ्यांनी कसले ते न विचारता दोन पेढे उचलले. सोसायटीची नोटीस मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात नीट ठेवली आहे. आम्ही इथं राहत होतो, हे नातवंडांना कधी सिद्ध करावं लागेल, सांगता येत नाही.