मारामारीच्या आधी उठणाऱ्या बाई

"चला, झालं. पुढं नुसती मारामारीच हाये," असं म्हणून नर्सबाई उठायच्या आणि टॉकीजच्या बाहेर पडायच्या. हे त्या कोणाला म्हणत, कोण जाणे. बायकांच्या बाजूला त्या एकट्याच बसलेल्या असत. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे आम्ही साठ-सत्तर पुरुष, शेंगांची टरफलं पायाखाली चुरडत, त्या मारामारीचीच वाट पाहत असायचो.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. पवनीच्या टिनाच्या टॉकीजमध्ये रविवारी दुपारी कराटेचे पिक्चर लागत. तुम्हीही असले पिक्चर पाहिले असतील. दर पिक्चरमध्ये तोच डोंगर आणि तेच अंगण. माणूस आधी पडायचा, बुक्कीचा आवाज मागून यायचा. मेलेल्याचं पोट वर-खाली होत राहायचं. कोणाचे ओठ मिनिटभर हलत आणि हिंदीत आवाज यायचा एवढाच, "नहीं." आम्ही हसायचो, शिट्ट्या मारायचो आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचो.

पवनीपासून बसनं अर्ध्या तासावरच्या एका आरोग्य केंद्रात मी बाबू होतो आणि त्या नर्स. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. वय पस्तिशीच्या आसपास, अंगानं काटक. मी त्यांना खुर्चीत बसलेलं क्वचितच पाहिलं. रजिस्टर खिडकीत ठेवून उभ्यानं लिहीत. चहाचा कप हातात घेतला की ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायच्या. एक काम चालू असताना डोळे दुसऱ्या कामावर. पाच गावं त्यांच्याकडे होती. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढं चपला हातात घेऊन धानाच्या बांध्यांमधून पायी. परत यायच्या त्या पोटऱ्यांपर्यंत चिखलात.

त्यांचं सर्व्हिस बुक माझ्याच कपाटात असे. त्यात पतीचं नाव होतं आणि पत्ता मात्र माहेरचा, लाखांदूरकडच्या एका खेड्याचा. सासर सोडून दहा वर्षं झाली, एवढं गावाला ठाऊक होतं. त्यापलीकडे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

एका रविवारी त्या उठल्या तसा मीही मागोमाग उठलो. बसस्टँडवर त्या बाकड्यासमोर येरझारा घालत होत्या. अर्धा पिक्चर टाकून काहून येता, असं मी विचारलं. त्या जरा ओशाळल्या, मग म्हणाल्या, "शेवटी तो जिंकतेच, बाबूजी. ते तं मालूमच हाये. पण जे जमत नव्हतं ते जमू लागते ना, तेवढं पाहाले मले आवडते."

मग चालता चालताच बोलत राहिल्या. आपल्या पिक्चरमधल्या हिरोला जन्मतःच सगळं येतं, दहा जणांना एकटा लोळवतो. या पिक्चरमधला पोरगा आधी मार खातो. चांगला रक्त निघेपर्यंत खातो. मग डोंगरावर त्या पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याकडे जातो. म्हातारा त्याला पाणी भरायला लावतो, उन्हात गुडघे वाकवून उभं करतो, पडला की पुन्हा उभं करतो. "आणि तो म्हातारा इचारत नाही, तू कोणाचा, घरून काहून निघाला. दोन दिवस दारात उभा राहिला का घेते आत. मले नर्सिंगले घेत होते तवा पयले नवऱ्याची सही मागितली."

ती सही कशी मिळाली, हे सांगायच्या आत बस आली.

त्याच पावसाळ्यात सरकारनं गावोगावच्या दायांना शिकवायचा हुकूम काढला. सहा दाया दर मंगळवारी दवाखान्याच्या ओसरीवर येऊ लागल्या. सगळ्या बाईंपेक्षा वयानं मोठ्या. शे-दोनशे बाळंतपणं केलेल्या. बाईंनी त्यांना हात धुवायला लावले. साबणानं, नखांपासून कोपरापर्यंत, एक भजन म्हणून होईस्तोवर. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. कोणी भजनाची दोन कडवी गाळली की परत पहिल्यापासून.

चौथ्या मंगळवारी सगळ्यांत म्हातारी दाई कावली. "बाई, महिना झाला, आमी हातच धुऊन राहिलो. बाळंतपण कवा शिकवशीन?"

"त्या बुढ्यानं पोराले तीन महिने नुसतं पाणी भराले लावलं होतं," बाई म्हणाल्या.

कोणता बुढा, कोणतं पोर, दायांना काहीच कळलं नाही. कोणी सरकारी साहेब असेल असं समजून त्या गुमान पुन्हा हात धुऊ लागल्या. मला टेबलाशी बसून हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. त्यांना मनमोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग एक निनावी अर्ज आला. शासकीय नर्स दर रविवारी पुरुषांच्या गर्दीत बसून मारधाडीचे पिक्चर पाहते, त्यामुळं गावातल्या लेकीसुनांवर वाईट परिणाम होतो, असा मजकूर होता. आमचे डॉक्टर तरुण होते, नोकरीला नवे, वरच्या साहेबांना भिणारे. त्यांनी मला मेमो तयार करायला सांगितला. मी केला. डॉक्टरांनी तोंडी एवढंच सांगितलं होतं की खुलासा मागवा. 'शासकीय सेविकेस न शोभणारे वर्तन' हे शब्द माझे. कागदाला जरा वजन यावं म्हणून घातले.

तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याच टॉकीजमध्ये, त्याच खेळाला मीही असायचो. माझ्याविरुद्ध कोणी अर्ज केला नव्हता.

बाईंनी मेमो उभ्यानंच वाचला. "हे 'न शोभणारे' साहेबानं सांगितलं का तुमी लिवलं?"

"साहेबांनी," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी केली. "अक्षर चांगलं हाये तुमचं," म्हणाल्या आणि औषधं मोजायला गेल्या. खुलाशात त्यांनी एकच ओळ लिहिली होती: मी तिकीट काढून गेले होते. पण त्यानंतर त्या टॉकीजला गेल्या नाहीत. रविवारी दुपारी क्वार्टरचं दार आतून लावलेलं असे आणि आतून अधूनमधून धप्, धप् असा आवाज येई. मिरच्या कुटत असतील असं आम्ही समजायचो. मीही पवनीला जाणं कमी केलं. गेलो तरी मन लागत नसे. बायकांच्या बाजूच्या रिकाम्या बाकाकडे सारखं लक्ष जाई.

धान कापणीला आलं तेव्हा त्यांचा नवरा आला. मंगळवार होता. डॉक्टर मीटिंगला भंडाऱ्याला गेलेले. टेरिलिनचा शर्ट, केसांना तेल, बोलायला मऊ. त्यानं मला नमस्कार केला, चहा घेतला, कपाटातलं सर्व्हिस बुक आपलंच असल्यासारखी बाईंच्या पगाराची चौकशी केली. बाई आतून आल्या तसा उठला आणि म्हणाला, आता बस झालं, घरी चला. बाई म्हणाल्या, येत नाही. त्यानं मऊपणानंच त्यांचं मनगट धरलं आणि ओढायला लागला.

मी खुर्चीतून उठलो. तेवढंच केलं. टेबलाच्या अलीकडेच राहिलो.

ओसरीवर सहा दाया कोपरापर्यंत साबण लावून बसल्या होत्या. भजन थांबलं. बाईंनी पाय थोडे फाकवले, गुडघे जरासे वाकवले आणि तिथंच रोवून उभ्या राहिल्या. दुसरा हात मोकळा होता, पण तो त्यांनी उचलला नाही.

"हात सोडा. मले काम हाये."

त्यानं जोर लावला. बाई हलल्या नाहीत. पुन्हा तेच, त्याच आवाजात म्हणाल्या. त्यानं दोन्ही हातांनी ओढलं. त्या काटक बाईत एवढं वजन कुठून आलं कळत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी तेच सांगितलं, तेव्हा झटका देताना त्याचाच तोल गेला आणि एक चप्पल निसटून अंगणात पडली. त्यानं आजूबाजूला पाहिलं. केसपेपरच्या रांगेतली माणसं, सहा दाया, मी, सगळे पाहत होते. त्यानं हात सोडला. म्हातारी दाई उठली, साबणाच्या हातांनी त्याची चप्पल उचलली आणि पाहुण्याला द्यावी तशी अदबीनं त्याच्या पायाशी आणून ठेवली. ती घालून तो निघून गेला.

बाई खिडकीपाशी आल्या. मनगटावर त्याची बोटं उठली होती. त्यांनी पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "आजचे नावं तुमी लिवा, बाबूजी. माझा हात ऐकूनच नाही राहिला."

मी नावं लिहिली. रांग सरल्यावर विचारलं, एवढे पिक्चर पाहिलेत, एक ठेवून काहून नाही दिली?

"मारलं असतं तं उद्या मेमो आला असता," त्या म्हणाल्या. "तुमालेच लिवा लागला असता."

आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. तेव्हाच सांगायला हवं होतं की ते शब्द माझे होते.

महिन्याभरात त्यांचं नागपूरला जायचं ठरलं. वरच्या जागेसाठी दीड वर्षाचं ट्रेनिंग होतं. अर्ज त्यांनी कधीच करून ठेवला होता. वर्गात वीस-बावीस वर्षांच्या पोरी असतील, असं मी म्हणालो तर त्यांनी खांदे उडवले. दोन दिवसांत सामान बांधलं. दाया निरोप द्यायला आल्या तोवर पहाटेची बस निघूनही गेली होती. ओसरीवर त्या बराच वेळ बसून राहिल्या. मंगळवार नसताना आल्या होत्या, त्यामुळं काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. पुढं बाई कुठं गेल्या, कोणत्या जिल्ह्यात बढती मिळाली, निरनिराळं ऐकू यायचं. मला त्या पुन्हा भेटल्या नाहीत.

नवीन नर्स यायची होती म्हणून क्वार्टरचा ताबा घ्यायला मी गेलो. एक खाट, एक बल्ब, दोन खिडक्या, सगळं यादीप्रमाणे होतं. मग आतल्या खोलीत गेलो.

मागच्या भिंतीवर पावलांचे ठसे होते. अनवाणी उजव्या पावलाचे, बांध्यांतल्या चिखलाचे. गुडघ्याच्या उंचीवर इतके की चुना पार खरवडून गेला होता. त्याच्या वर कमरेच्या उंचीवर तीस-चाळीस. छातीच्या उंचीवर दहा-बारा, काही निसटून खाली ओघळलेले. आणि त्याच्याही वर एकटाच, पाचही बोटं स्पष्ट उमटलेला. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तो ठसा माझ्या हनुवटीपाशी आला.

बाहेर गवंडी चुन्याची बादली घेऊन आला होता. दारातून डोकावून त्यानं विचारलं, "बाबूजी, हे भित एवढी कायनं खराब झाली?"

ताबा-यादीत शेऱ्याचा रकाना होता. मी त्यात लिहिलं, 'मागील भिंतीस ओल'. सही केली आणि चुना उद्या लाव म्हणून त्याला परत पाठवलं.